बाबांच्या पेटीतली लेन्स

हिंजवडीच्या आयटी पार्कात ठेकेदाराकडे वायरमनचे काम करणारा आमच्या वस्तीतला एक तरुण गेल्या रविवारी पिशवी घेऊन आमच्याकडे आला. "जयभीम काका. बाबांची पेटी उघडली," म्हणाला. त्याचे दिवंगत वडील १९८०च्या दशकात लग्नांचे, जयंतीचे फोटो काढत. आमच्या लग्नाचेही त्यांनीच काढले होते. पोराने ओव्हरटाइमच्या पैशांतून निकॉनचा वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतला आहे. मावसबहिणीच्या लग्नाची पहिली ऑर्डर. नवी लेन्स घ्यायला पैसे नाहीत. पिशवीतून निघाली निकॉनचीच ५० मिलिमीटरची लेन्स, झेनिट कॅमेऱ्याची ५८ची रशियन लेन्स आणि एक जाडजूड फ्लॅश.

आधी बॅटरीच्या उजेडात दोन्ही लेन्स आरपार पाहिल्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. नव्हती.

निकॉनने १९५९ साली लेन्स बसवायची जी पद्धत ठरवली, तीच डिजिटल एसएलआरपर्यंत ठेवली. म्हणून लेन्स बिनबोभाट बसली. (१९७७च्या आधीची लेन्स मात्र काही मॉडेलांवर चढवली तर कॅमेऱ्याचा नाजूक भाग मोडतो. ही नंतरची होती.) त्याचा कॅमेरा साधा, डी३००० मालिकेतला. जुनी लेन्स लावली की तो उजेड मोजत नाही. खटका 'एम'वर ठेवायचा, फोटो काढून पडद्यावर पाहायचा, काळा आला तर शटर हळू करायचे. फोकस हाताने, तो जमला की आत हिरवा ठिपका पेटतो. सेन्सर फिल्मपेक्षा लहान असल्याने ५०ची लेन्स ७५सारखी वागते. वधूचा चेहरा सुरेख येईल, पण मांडवातला ग्रुप मावणार नाही. त्यासाठी कॅमेऱ्यासोबतची लेन्स बरी.

रशियन लेन्सने आम्हाला अडवले. ती आट्यांची. तिला फिल्मपासून सुमारे ४५.५ मिलिमीटर अंतर लागते आणि निकॉनचे आहे ४६.५. मधे रिंग घातली तरी लेन्स पुढेच राहते, लांबचे धूसर दिसते. कॅननच्या ईएफ कॅमेऱ्याचे अंतर ४४, तिथे स्वस्त रिंगवर हीच लेन्स छान चालते. एका मिलिमीटरने घात केला! नव्या, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत हे अंतर १६ ते २०च्या आसपास, म्हणून त्यांना रिंग लावून जवळजवळ कुठलीही जुनी लेन्स चालते.

तोवर पोराने फ्लॅश कॅमेऱ्यावर सरकवायला घेतला. आम्ही हातच धरला. आमचा एक कॅमेरा असाच गेला आहे. जुन्या फ्लॅशच्या खालच्या टोकावर कधी कधी २०० व्होल्टच्या वर दाब असतो. काही डिजिटल कॅमेऱ्यांना ६च्या वर सोसत नाही. "तू वायरमन ना? मीटर लाव." त्याने फ्लॅश चार्ज करून मधले टोक आणि कडेची पट्टी यांवर मल्टिमीटर धरला. काटा २३०वर! त्याच्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत मर्यादा २५०. इतक्या काठावर कशाला जायचे?

फ्लॅश टाकायचा नाही. त्याला स्लेव्ह लावून स्टँडवर लांब ठेवायचा. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश उडाला की तो आपोआप उडतो, वायर नको. फक्त छोटा फ्लॅश मेनूत मॅन्युअलवर करायचा, नाहीतर तो मोजणीसाठी आधी एकदा चमकतो आणि मोठा अवेळी उडून रिकामा होतो.

जाण्याआधी त्याने सौ.चा ओट्यापाशी एक फोटो काढला, हिरवा ठिपका पाहत. तिसऱ्या खेपेला जमला. लग्न एकोणीस दिवसांवर आहे.