ती आपल्याकडे बघते. पण बोलतंय कोण?

बैठकीत मी कार्टून आणि गेमचा विषय काढला की दोघी-तिघी तरी हसतात. ‘मारहाण, पोटगी, रेशन, पाणी एवढं पुढ्यात असताना हे काय काढलंस?’ असं विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण मैत्रिणींनो, ऐंशीच्या दशकात बायकांच्या संघटनांनी सिनेमाच्या अश्लील पोस्टरांना काळं फासलं, तेव्हाही हेच ऐकावं लागलं होतं. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा १९८६ चा कायदा त्याच काळातला. त्या पोस्टरवरची बाई मुकी होती. आज पोरांच्या हातातल्या फोनवर जी बाई आहे ती बोलते. कधी कधी तर ती चालू गोष्ट थांबवते, वळून थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघते आणि सुचवते, की तू मला बघतो आहेस हे मला ठाऊक आहे. यावर लोक खूश होतात. बघा, बाई आता गप्प राहिली नाही! मला हा आनंद मान्य नाही. का नाही, ते सांगते.

रंगमंचाला मागे एक आणि बाजूला दोन अशा तीन भिंती असतात. प्रेक्षकांच्या बाजूलाही एक भिंत आहे असं समजून नटांनी वागावं, असं फ्रान्समधल्या दिदरोने १७५८ साली लिहिलं. पात्राने ही न दिसणारी भिंत ओलांडली, प्रेक्षकाशी थेट बोललं, की त्याला चौथी भिंत मोडणं म्हणतात. आपल्याला याचं नवल वाटायला नको. तमाशात ही भिंत कधी नव्हतीच. सोंगाड्या प्रेक्षकांना टोले मारतो, गवळणीतली मावशी चावट थट्टा करते. पण मावशीचं सोंग परंपरेने पुरुषच घेत आला. आणि लावणी म्हणणारी बाई? ती तर पहिल्या रांगेकडे सरळ बघते. नजर तिची, पण पेशवाईतल्या त्या गाजलेल्या लावण्यांचे शब्द राम जोशी, होनाजी, प्रभाकर यांचे, आणि दौलतजादा करणारा हातही पुरुषाचाच. त्या नजरेमागे तिची जात होती, पोट होतं. तेव्हा ‘ती समोर बघते म्हणजे ती मोकळी झाली’ हे निदान आपल्याला तरी कुणी शिकवू नये. तिच्या तोंडी शब्द कोण घालतं? आणि बोलून झाल्यावर तिचं काय होतं? हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय मी टाळी वाजवणार नाही.

हे प्रश्न घेऊन कार्टूनच्या सुरुवातीच्या काळात जाऊ. १९१४ साली अमेरिकेत विन्सर मॅके या चित्रकाराने ‘गर्टी’ नावाची डायनासोर पडद्यावर आणली. गर्टी मादी. मॅके हातात चाबूक घेऊन पडद्याशेजारी उभा राही आणि हुकूम सोडी: वाकून नमस्कार कर, पाय उचल. ती ऐके. मध्येच हट्ट करी, मग तो रागवे आणि ती रडे. लोक हसत. पडद्यातून बाहेर बघणाऱ्या पहिल्या गाजलेल्या पात्रांपैकी हे एक. आणि ते बाहेर बघतं कुणाकडे? चाबूकवाल्याकडे!

१९३० साली फ्लायशर स्टुडिओत बेटी बूप जन्मली. मोठे डोळे, तोकडा झगा. १९३४ च्या ‘बेटी बूप्स राइज टू फेम’ या कार्टूनमध्ये खराखुरा मॅक्स फ्लायशर टेबलाशी बसून बातमीदाराला मुलाखत देतो. तो बेटीला कागदावर काढतो, ती गाऊन-नाचून दाखवते आणि काम संपलं की शाईच्या दौतीत परत जाते. त्याच वर्षी अमेरिकेत सिनेमाची नीतिनियमावली सक्तीने लागू झाली आणि बेटीचा झगा लांब झाला. आखूड केला तो त्यांनी, लांब केला तोही त्यांनीच. एकदा धंद्यासाठी, एकदा संस्कृतीसाठी. दोन्ही वेळा बेटी दौतीतच.

‘अगं, चित्राला काय विचारायचं?’ असं कुणी म्हणेल. मग चक जोन्सचं १९५३ चं ‘डक अमक’ बघा. त्यात चित्र काढणारा डॅफी डकच्या मागचं दृश्य पुसतो, त्याचा आवाज काढून घेतो, त्याचं शरीर हवं तसं बदलतो. डॅफी ओरडतो, विनवतो, समजूत घालतो, तडजोडीचं बोलतो. जवळपास सात मिनिटं हेच चालतं. शेवटी कळतं की चित्र काढणारा बग्ज बनी आहे. म्हणजे छळणाराही पात्रच, छळ सोसणाराही पात्रच, आणि दोघेही नर! आपल्या निर्मात्याशी कडाकडा भांडण्याचा हक्क बदकाला मिळाला, लेखणी सशाला मिळाली. १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ या सिनेमात जेसिका रॅबिटच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलं: मी वाईट नाही, मला काढलंच तसं आहे, अशा अर्थाचं. तेही ती एका गुप्तहेराला ऐकवते, चित्र काढणाऱ्याला नव्हे. कुणी काढलं आणि का काढलं, हे विचारण्याची सोय तिला ठेवलेली नाही. वाक्य गाजलं आणि तो देहही होता तसाच विकला गेला.

त्यानंतर धंद्याला एक नवी युक्ती सापडली. ती म्हणजे हसत हसत कबुली देण्याची. १९८९ पासून जॉन बर्न याने ‘शी-हल्क’ची चित्रकथा लिहिली आणि काढली. नायिका वकील, अंगाने दणकट, जिभेने तिखट. ती वाचकांशी बोलते, आपल्या लेखकाला नावानिशी झापते. ती हजरजबाबी आहे यात वाद नाही. पण १९९२ च्या ४० व्या अंकाची सुरुवातीची पानं ती विवस्त्र होऊन दोरीवरच्या उड्या मारते आहे असा भास करून देतात आणि तोच त्या अंकाचा विनोद! बाईने लेखकाविरुद्ध तक्रार करायची आणि त्या तक्रारीसकट बाईला विकायचं.

गेममध्येही तेच. १९९६ साली इंग्लंडमधल्या कोअर डिझाइन कंपनीने ‘टूम्ब रेडर’ काढला. नायिका लारा क्रॉफ्ट. दऱ्याखोऱ्यांतून उड्या मारणारी, कुणाच्या आधाराशिवाय लढणारी. १९९७ साली आलेल्या दुसऱ्या भागाच्या शेवटी लारा अंघोळीला निघालेली दिसते. झगा काढणार, तोच ती वळते, अजून पुरेसं बघून झालं नाही का, असं खेळणाऱ्याला सुनावते आणि थेट त्याच्यावर बंदूक झाडते. पुष्कळांना हा बाणेदारपणा वाटला. पण मी विचारते, तिच्या मागोमाग कॅमेरा न्हाणीघराच्या दारापर्यंत नेला कुणी? लाराने? त्याच दशकात लाराला कॉम्प्युटरवर विवस्त्र करणाऱ्या फायली इंटरनेटवरून फिरत होत्या. तिच्या गोळीने एकही हात थांबला नाही. ‘तुम्ही चोरून बघताय हे आम्हाला ठाऊक आहे’ असं डोळा मारून म्हटल्याने चोरून बघणं संपत नाही. त्याला परवाना मिळतो.

आता २०१७ चा ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ घ्या. अमेरिकेतल्या डॅन साल्व्हाटोने काढलेला, फुकट मिळणारा गेम. मुलींना पटवण्याचे जे जपानी पद्धतीचे गेम असतात, त्यांची ही उलटतपासणी. शाळेच्या साहित्य मंडळात चार मुली. खेळणाऱ्याने कविता रचून त्यांच्यातलीला जिंकायचं. मंडळाची प्रमुख मोनिका. तिच्यापर्यंत पोचायचा प्रेमाचा रस्ता मात्र गेममध्ये ठेवलेलाच नाही. मोनिकाला कळतं, की आपण गेममध्ये आहोत, मैत्रिणीही लिहून ठेवलेल्या आहेत. बघा, केवढी मोठी जाग! आणि या जागेचं लेखकाने काय केलं? मोनिका मैत्रिणींच्या फायलींत ढवळाढवळ करते, त्यात मुली मरतात. शेवटी ती एकटी समोर बसून खेळणाऱ्याशी बोलत राहते. गेम पुढे न्यायचा तर खेळणाऱ्याने कॉम्प्युटरमध्ये तिची फाइल शोधून स्वतःच्या हाताने पुसायची. पुसल्यावर ती आधी दुखावते, चिडते आणि मग पश्चात्ताप करते.

या गेमने पटवापटवीच्या गेमवर चांगलाच चिमटा काढला आहे, हे मी नाकारत नाही. पण माझं भांडण असं आहे: ज्या मुलीला सगळा डाव कळला, ती ‘आम्हा चौघींना यासाठी कुणी घडवलं?’ असं विचारत नाही. मैत्रिणींना जागं करत नाही. ती त्यांना संपवते, कारण तिलाही हवा आहे तो समोर बसलेला पुरुषच. आमच्या शिबिरात हा गेम खेळलेल्या एका मुलाने तिचं वर्णन एका शब्दात केलं: ‘सायको.’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. घरातला डाव ज्या बाईला कळतो आणि जी तो बोलून दाखवते, तिचंही डोकं फिरलेलं असतं! बायकोला वेडी ठरवून घटस्फोट मागितल्याची प्रकरणं आपल्या सल्ला केंद्रांना नवी नाहीत.

‘पण हे सगळं खोटं, खेळातलं’ म्हणणाऱ्यांसाठी आता खऱ्या बाईची गोष्ट. अनिता सार्किसियन हिने २०१२ साली गेममधल्या स्त्रीचित्रणावर व्हिडिओंची मालिका करण्यासाठी लोकांकडून पैसे जमवायला सुरुवात केली. पडद्यासमोर बसून, बघणाऱ्यांशी थेट बोलून, ती गेम उलगडून दाखवणार होती. मालिका अजून यायची होती, तोच तिच्यावर शिव्यांचा आणि धमक्यांचा पाऊस पडला. त्याच वर्षी कुणीतरी एक गेम बनवला. तिच्या फोटोवर टिचकी मारायची, की तिचा चेहरा सुजत, रक्ताळत जायचा. २०१४ साली अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या विद्यापीठात तिचं भाषण ठरलं, तेव्हा गोळीबाराची धमकी आली. त्या राज्याच्या कायद्यामुळे सभागृहात बंदुका आणणाऱ्यांना अडवता येणार नाही असं पोलिसांनी सांगितल्यावर तिला भाषण रद्द करावं लागलं.

इथे भिंत उलट्या दिशेने मोडली. पात्र बाहेर आलं नाही. बाहेरच्या जित्या बाईला ओढून आत नेऊन पात्र केलं. आणि हे फक्त तिकडेच घडतं असं नाही. २०२१ साली ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ या अॅपांवर आपल्या देशातल्या मुस्लिम बायकांचे फोटो ‘लिलावाला’ मांडले गेले. पत्रकार, कार्यकर्त्या, लिहित्या-बोलत्या बायका. मुंबईच्या सायबर पोलिसांनी ‘बुल्ली बाई’ प्रकरणी अटक केली ती कोवळ्या वयाच्या पोरांना. बटण दाबलं की एक बाई समोर येते, हा खेळ या पोरांना परका नव्हता. गेम खेळला की मुलगा गुन्हेगार होतो, असलं काही मी म्हणत नाही. पण पडद्यावरची बाई बोलली की तिला गंमत, शिक्षा किंवा किंमत मिळते, हे ज्याच्या नजरेला सरावाचं झालं, त्याला खरी बाई बोलली की काय करायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

‘मग चांगलं काहीच नाही का?’ आहे. २००० साली सुरू झालेल्या ‘डोरा द एक्सप्लोरर’ या कार्टूनमधली सात वर्षांची डोरा पोरांकडे बघून प्रश्न विचारते आणि उत्तरासाठी थांबते. हे थांबणं मला फार मोलाचं वाटतं. तिथे तिच्या देहाचा बाजार नाही, रस्ता शोधायचं काम दोघांनी मिळून करायचं आहे. पण २००९ साली कंपन्यांनी मोठ्या वयाच्या डोराची सावली जाहीर केली: सडपातळ, तोकड्या कपड्यांतली. अमेरिकेतल्या पालकांनी हरकत घेतली, निषेधाच्या सह्या जमवल्या, मग पूर्ण चित्र आलं ते लेगिंग आणि अंगभर सदऱ्यात. म्हणजे दबाव आणला की चित्र बदलतं. आणि मुलगी वयात आली की तिच्या हातातला नकाशा काढून घ्यायची घाई सगळीकडे असते, हेही त्यातून दिसलं.

दुसरं उदाहरण २०२२ च्या ‘शी-हल्क’ मालिकेचं. तिची मुख्य लेखिका एक बाई, जेसिका गाओ. शेवटच्या भागात नायिकेला गोष्टीचा शेवट पटत नाही. ती पडदा फोडून बाहेर येते, लेखकांच्या खोलीत घुसते आणि गोष्ट ठरवणाऱ्या यंत्रासमोर उभी राहून शेवट बदलून घेते. त्या यंत्राला स्टुडिओच्या प्रमुख पुरुषाचंच नाव दिलं आहे! नायिका तीच, देहही तोच. पण लेखणी बाईच्या हातात आल्यावर तक्रार न्हाणीघराच्या दारात अडकली नाही, मालकाच्या टेबलापर्यंत पोचली. मालकी अजून कंपनीचीच आहे, हे मी विसरत नाही. तरी फरक मोठा आहे.

म्हणून माझी मागणी ‘हे बंद करा’ अशी नाही. बंदीची भाषा करणारे बेटीचा झगा लांब करून घरी जातात. आपल्याला लेखणी हवी आहे. १९८३ साली ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ स्त्री मुक्ती संघटनेने उभं केलं, तेव्हा बायकांनी प्रेक्षकांकडे सरळ बघितलं आणि स्वतःचे शब्द बोलल्या. त्या नजरेला कुणाची दौलतजादा नव्हती. हे काम आता पडद्यावर करायचं आहे.

पुढच्या शिबिरात एक सत्र यासाठी ठेवा. मुलामुलींना आवडता गेम किंवा कार्टून घेऊन येऊ द्या, नाकं मुरडू नका. खेळ मध्येच थांबवा आणि विचारा: आता ही बाई इकडे वळून बोलली तर काय म्हणेल? कुणाला म्हणेल? आणि बोलल्यावर तिला कुणी पुसून टाकेल का? उत्तरं मुलींकडून लिहून घ्या, मुलांकडून तर घ्याच घ्या. जिथे कॉम्प्युटर असेल तिथे ‘स्क्रॅच’सारखा फुकट मिळणारा प्रोग्राम वापरून मुलींना स्वतःचं पात्र हलवायला, बोलायला लावता येतं. त्याला फार शिक्षण लागत नाही.

आणि आलेली उत्तरं या अंकाकडे पाठवा. चुकतमाकत लिहिलेली असली तरी तशीच पाठवा, सुधारू नका.