दोनशे रुपयांचा दंड आणि प्रयोगशाळेतला उंदीर

प्राण्यांवरील प्रयोगांसाठी केंद्रीय समितीने घातलेली अट एखाद्या विद्यापीठाने मोडली, तर शिक्षा किती? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम २० मध्ये उत्तर आहे : दोनशे रुपयांपर्यंत दंड. कैद नाही. आता आपल्या राज्यातला २०१५ चा गोवंश हत्याबंदी कायदा बघा. बैल कापला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोन्ही कायदे प्राण्यांच्याच नावाने. पण एकाच्या कचाट्यात खाटीक, कातडी सोलणारे आणि गरीब शेतकरी सापडतात. दुसऱ्याच्या कक्षेत प्राध्यापक आणि संशोधन संस्था येतात.

म्हणूनच 'प्राणिदया' हा शब्द ऐकला की आपल्या वस्तीतले कार्यकर्ते सावध होतात. हा सावधपणा अनुभवातून आलेला आहे, त्यात चूक नाही. पण तेवढ्यावर थांबलो तर प्रयोगशाळेचा प्रश्न भलत्यांच्या हातात राहतो. आज आपली मुलंमुली बी.एस्सी. प्राणिशास्त्राला आहेत, बी.फार्म.ला आहेत, पीएच.डी. करत आहेत. उंदराला सुई टोचणारा हात आता आपलाही आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेची जी मांडणी केली आहे, ती इथे उपयोगी पडते. ते अहिंसेला आंधळा नियम मानत नाहीत, तत्त्व मानतात. आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत फरक करतात. प्रयोगशाळेच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न विचारायचा असतो : गरज होती का?

गरज असते तेव्हा ती खरी असते. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक ग्रामीण भागातली; शेतात राबणारी, जमिनीवर झोपणारी. त्यांना वाचवणारी लस घोड्याच्या रक्तापासून बनते. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात आणि त्यांतून औषध बनते. आपल्याकडे हाफकिनने हे काम वर्षानुवर्षे केले आहे. ते उद्या बंद करा म्हणणाऱ्याने आधी ऊसतोड कामगाराच्या पालात एक रात्र काढावी. मात्र त्या घोड्याला किती वेळा टोचले, किती रक्त काढले, विश्रांती किती दिली, हे विचारायचा हक्क आपल्याला आहेच.

वर्गातल्या प्रॅक्टिकलची गोष्ट वेगळी. बेडकाचे पोट उघडून जे दिसते ते पुस्तकात आधीच छापलेले असते, आणि नवे ज्ञान त्यातून निघत नाही. हे १९६० च्या कायद्यालाही मान्य होते. कलम १७ सांगते की वैद्यकीय शाळा, महाविद्यालयांत पुस्तके, नमुने, चित्रपट यांनी काम भागत असेल तर प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. आणि केवळ हात बसावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत. तरीही पुढची पन्नास वर्षे बेडूक कापले गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये टप्प्याटप्प्याने डिसेक्शन कमी करायला सांगितले आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्र व जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून ते पूर्ण थांबवायला सांगितले. बी.फार्म.च्या अभ्यासक्रमात आता औषधशास्त्राचे प्राण्यांवरचे प्रयोग संगणकावर आणि व्हिडिओतून दाखवायचे आहेत. पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये तयार झालेले 'एक्सफार्म' हे सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे.

नियम झाला. पण समजा एखाद्या सरांनी सांगितलेच की उद्या येताना बेडूक घेऊन या, तर 'सर, हे बंद झालंय' असे कोण म्हणणार? अंतर्गत गुण सरांच्या हातात, जर्नलवर सही त्यांची. घरातली पहिलीच मुलगी कॉलेजला गेलेली, तिला पाणातिपाताचे शील पाठ असते आणि नापास होण्याची भीतीही असते. एकटीवर हा भार टाकणे बरोबर नाही. तिच्या मागे विद्यार्थी संघटना उभी राहायला हवी.

संशोधनाची देखरेख दुसऱ्या वाटेने होते. १९९८ च्या नियमांप्रमाणे प्रयोग करणाऱ्या संस्थेला केंद्रीय समितीकडे नोंदणी करावी लागते आणि स्वतःची प्राणी नैतिकता समिती नेमावी लागते. केंद्रीय समितीला पूर्वी सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात. ती पर्यावरण खात्याकडून पशुसंवर्धन खात्याकडे गेली आहे. एखादा प्रयोग थांबवण्याचा अधिकार तिच्याकडे आहे आणि दोनशे रुपयांपेक्षा त्याचाच धाक मोठा. उंदीर, ससा, गिनिपिग यांच्यावरचे प्रस्ताव संस्थेच्या समितीत मंजूर होतात. कुत्रा, माकड अशा मोठ्या प्राण्यांचे प्रस्ताव केंद्राकडे जातात. प्राणी किती लागणार, तेवढेच का, पर्याय शोधला का, वेदना किती होईल, भूल कोणती, शेवटी प्राण्याचे काय करणार, हे सगळे अर्जात लिहावे लागते.

संस्थेच्या समितीत आठ जण असतात. पाच त्याच संस्थेतले : वेगवेगळ्या विषयांचे शास्त्रज्ञ, पशुवैद्य, प्राणिगृहाचे प्रमुख. बाहेरचे तिघे : एक शास्त्रज्ञ, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी आणि एक 'सामाजिक भान असलेला' बिगर-शास्त्रज्ञ सदस्य. म्हणजे ज्यांचे प्रस्ताव तपासायचे त्यांचेच सहकारी बहुमतात. आज मी तुझा प्रस्ताव पाहतो, उद्या तू माझा पाहशील. यात कुणी लबाड असायची गरज नाही. शेजारधर्म पुरेसा असतो.

आणखी एक गोष्ट खटकते. या आठ जणांत पिंजरे धुणारा, दाणापाणी घालणारा प्राणिगृहातला कामगार नाही. उंदराने खाणे सोडले, कोपऱ्यात अंग चोरून बसला, हे सर्वांत आधी त्याला दिसते. त्याच्या स्वतःच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. रोज प्राण्यांच्या केसांशी आणि मुताशी संबंध आल्याने दमा आणि ॲलर्जी होते, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. तरी त्याचे म्हणणे ऐकायला खुर्ची नाही. विद्यार्थ्यालाही नाही. ज्ञान खुर्चीवर बसलेल्याकडेच असते, हा आपल्या ओळखीचा जुना समज इथेही आहेच.

काही हालचाल होते आहे. मार्च २०२३ मध्ये केंद्राने नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून पेशी, अवयव-चिप, संगणकीय प्रतिमान अशा बिगर-प्राणी चाचण्यांना मान्यता दिली. अमेरिकेने त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, औषधांसाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती कायद्यातून काढली. पण परवानगी मिळाली म्हणजे यंत्रे आली असे नाही. अवयव-चिप महाग आहे, आणि जिल्ह्याच्या कॉलेजात साधा सूक्ष्मदर्शक दुरुस्तीला गेला की महिनोन् महिने येत नाही. पैसा दिला नाही, तर पर्याय बड्या संस्थांपुरताच राहील.

तोवर आपल्या हातात माहितीचा अधिकार आहे. शासकीय विद्यापीठ किंवा महाविद्यालय असेल तर दहा रुपयांच्या अर्जात विचारता येते : नोंदणीची मुदत कधीपर्यंत आहे? गेल्या तीन वर्षांत नैतिकता समितीच्या बैठका किती झाल्या, केंद्राचा प्रतिनिधी किती बैठकांना हजर होता? किती प्रस्ताव आले आणि त्यांतले किती नाकारले किंवा सुधारायला परत पाठवले? बिगर-शास्त्रज्ञ सदस्य कोण आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'शून्य' आले, तर पुढचा अर्ज इतिवृत्तांच्या प्रतींसाठी करा.