पडद्यावरचा हॅकर आणि फोनवरचा आवाज

'एनसीआयएस' या अमेरिकी मालिकेत २००४ साली एक प्रसंग दाखवला गेला. संगणकावर हल्ला झाला आहे आणि तो परतवण्यासाठी दोघे जण एकाच कीबोर्डवर एकाच वेळी बोटे चालवत आहेत. त्याची टर आजवर पुरेशी उडवून झाली आहे, त्यात मी भर घालत नाही. मला अधिक खटकतो तो दुसराच दोष : पासवर्ड अक्षराअक्षराने उलगडणे. पडद्यावर चिन्हे भिरभिरतात, पहिले अक्षर स्थिर होते, मग दुसरे, मग तिसरे, आणि तिजोरी उघडते.

याचे गणित मांडून पाहावे. इंग्रजीतील लहान-मोठी अक्षरे आणि अंक मिळून ६२ चिन्हे होतात. बारा चिन्हांचा पासवर्ड असा एकेक अक्षर पक्के करत सुटत असता, तर फार तर ६२ गुणिले १२, म्हणजे ७४४ प्रयत्न पुरले असते. प्रत्यक्षात नीट बांधलेली प्रणाली पासवर्ड साठवतच नाही. त्याचा हॅश साठवते. एक अक्षर चुकले तरी हॅश पूर्णपणे बदलतो. 'जवळ आलात' असे सुचवणारी कोणतीही खूण त्यात उरत नाही. त्यामुळे शक्यता होतात ६२ चा बारावा घात, म्हणजे ३२ वर वीस शून्ये. सेकंदाला एक हजार कोटी प्रयत्न केले तरी त्या सर्व तपासण्यास सुमारे दहा हजार वर्षे लागतील.

मग पासवर्ड फुटतात कसे? 'मिस्टर रोबोट' या २०१५ साली सुरू झालेल्या मालिकेच्या पहिल्याच भागात याचे प्रामाणिक उत्तर आहे. नायक एलियट एका गृहस्थाला फोन करतो, आपण बँकेच्या फसवणूकविरोधी विभागातून बोलत असल्याचे भासवतो आणि पडताळणीच्या नावाखाली आवडता बेसबॉल संघ व पाळीव प्राण्याचे नाव विचारून घेतो. तेवढ्या शब्दांच्या जुळण्या संगणकाकडून तपासून घेतल्या की झाले. दहा हजार वर्षांचे काम दोन मिनिटांच्या संभाषणावर येते.

या मालिकेचे निर्माते सॅम एस्मेल यांनी सुरक्षा-क्षेत्रातील जाणकारांना सल्लागार म्हणून सोबत घेतले होते आणि ते पडद्यावर दिसते. मला तर तिच्यातील यशांपेक्षा अपयशे अधिक पटली. पहिल्याच हंगामात पोलिसाने उचलावा म्हणून एक पेनड्राइव्ह वाटेत टाकला जातो, तो उचलून संगणकाला जोडतोही; पण घाईने उसना घेतलेला प्रोग्रॅम अँटिव्हायरस ओळखतो आणि बेत फसतो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. (त्याच हंगामात तापमान वाढवून चुंबकीय फिती नष्ट करण्याची योजना आहे. चुंबकत्व जायला शेकडो अंश सेल्सिअस लागतील. त्याआधी फितीचे प्लॅस्टिक आणि तिच्यावरील लेप यांचा बळी जाईल. खोलीच्या वातानुकूलनाने हे नेमके किती दिवसांत साधेल, याविषयी मी साशंक आहे.)

तरीही तक्रार उरतेच. चर्चा झाली ती पडद्यावरील आज्ञावली किती अचूक होती याचीच. प्रेक्षकाच्या मनात राहिला तो डोक्यावर टोपी ओढलेला, एकलकोंडा, अलौकिक बुद्धीचा तरुण. फोन घेणारा गृहस्थ कोणाच्याच लक्षात राहिला नाही.

म्हणून वास्तवाच्या कसोटीवर मी सौमेंद्र पाधी यांची 'जामताडा' ही २०२० सालची मालिका वरच्या स्थानी ठेवतो. झारखंडातील पोरे, स्वस्त मोबाइल, भराभर बदलणारी सिम कार्डे आणि बँक अधिकाऱ्याचा सराईत आव. आज्ञावलीची एक ओळही कोणी लिहीत नाही. तिला हॅकिंगची मालिका म्हणायला अनेक जण तयार होणार नाहीत. माझ्या मते ती तीच आहे. प्रणालीचा जो भाग सर्वांत कमी प्रयत्नांत उघडतो, त्याच्यावरच तिथे काम चालते.

माझ्या परिचयाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक अशाच एका फोनला बळी पडले. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, कॅमेऱ्यासमोरून उठू नका, तुम्हाला 'डिजिटल अटक' झाली आहे. अशी अटक भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही, हे त्यांना एरवी सहज सुचले असते. सहा तासांच्या धाकानंतर सुचले नाही. त्याहून वाईट गोष्ट पुढे घडली : लाजेपोटी ते तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत. १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार केली तर पैसे गोठवले जाण्याची शक्यता असते. ती वेळ हातची गेली. "मी इतका मूर्ख कसा?" हा एकच प्रश्न ते मला पुनःपुन्हा विचारत होते. ते मूर्ख नाहीत. फसणारा माणूस भाबडा किंवा हास्यास्पद दाखवण्याची आपल्या पटकथांची सवय मात्र त्यांच्या मनात पक्की रुजलेली होती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'चे सर्व्हर रॅन्समवेअरने बंद पडले. सुमारे दोन आठवडे नोंदणी, तपासण्या, अहवाल हे सारे कागदावर चालले. नेटवर्कची योग्य विभागणी नव्हती, हे कारण सरकारने संसदेत दिले. यात टोपीवाला नायक नाही, उलटगणती नाही. रांगेतील रुग्ण आहेत, हाताने केसपेपर लिहिणाऱ्या परिचारिका आहेत आणि विभागणीचे काम पुढे ढकलले जात असताना झालेल्या बैठका असतील. कोणी पटकथाकार हे वाचत असेल, तर त्याने त्या बैठकांपासून सुरुवात करावी.