खोक्यावर न छापलेली तारीख

9 मार्च 2025. दुबईत भारताने न्यूझीलंडला हरवून चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली, त्याच रविवारी गूगलची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट, म्हणजे मोबाइलवरचा व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारी डबी, जगभरातल्या टीव्हींमागे लटकल्या जागी निकामी झाली. वायफाय ठीक, वायर ठीक, वस्तू ठणठणीत. मोबाइल मात्र सांगत होता, हे उपकरण विश्वासाचं नाही!

कारण ऐकून हसावं की रडावं कळेना. ‘मी अस्सल आहे’ हे फोनला पटवायला क्रोमकास्टच्या पोटात एक डिजिटल प्रमाणपत्र असतं. त्याची खातरजमा ज्या वरच्या प्रमाणपत्रावरून होते, त्याला 2015 साली दहा वर्षांची मुदत घातली होती. ती संपली, एवढंच. ही तारीख दहा वर्षं आधी ठाऊक होती. आणि जगाला कॅलेंडर पुरवणारी कंपनी हीच, बरं का.

यंत्र अडलं की रीसेट मारा, ही सवय आपल्याला कस्टमर केअरनेच लावली. इथे गूगललाच विनवावं लागलं, फॅक्टरी रीसेट करू नका. ज्यांनी आधीच केलं होतं ते आगीतून फुफाट्यात पडले, कारण पुन्हा सेटअपच होईना. काही दिवसांनी अपडेट आलं आणि तीच डबडी पुन्हा चालू लागली. म्हणजे बिघाड यंत्रात नव्हताच.

स्वस्तातली वस्तू दहा वर्षं चालली, आणखी काय हवं, असं म्हणणारे भेटतात. मला हे पटत नाही. झिजून बंद पडली तर तक्रार नाही; पण धडधाकट वस्तू कुणाच्या तरी विसराळूपणाने का मरावी?

आपल्याकडे खोक्यावर एमआरपी छापावी लागते, उत्पादनाचा महिना छापावा लागतो. ज्याच्या जोरावर वस्तू चालते ते सॉफ्टवेअर कंपनी कधीपर्यंत सांभाळणार, याला रकाना नाही. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंना सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील, हे कंपन्यांना जाहीर करावं लागतं. किती वर्षं द्यायची हे तो कायदा सांगत नाही, फक्त लपवू नका म्हणतो. सध्या आपल्याला तेवढंही चालेल.

दिवाळीत नवा टीव्ही घ्याल तेव्हा दुकानात विचारून बघा, याला अपडेट कधीपर्यंत? दुकानदार वॉरंटी कार्ड पुढे करेल. ते पॅनेलचं असतं.