डोंगरावरची रात्र कोणाची?

डोंगरात रात्र काढण्याच्या विषयावर हल्ली दोन प्रकारची माणसे बोलतात. एक म्हणतात, बंद करा. दुसरे म्हणतात, विका. पहिल्यांत शाळांचे चालक, पालक आणि कचेरीतले साहेब असतात. दुसऱ्यांत डोंगराच्या कडेला ओळीने रंगीत तंबू ठोकून जेवण, शेकोटी आणि ध्वनिक्षेपकासह रात्रीचा दर सांगणारे व्यापारी. या दोघांचे एकमेकांशी पटत नाही, असे वरवर दिसते. माझे म्हणणे असे की, हे दोघे सख्खे भाऊ आहेत. बंदीमुळे पायी जाणारा गरिबाचा मुलगा अडतो, बाजारामुळे तो पुन्हा अडतो. आणि दोन्ही वेळा डोंगर ज्याच्या दारात, त्यालाच तो परका होतो.

आमच्या बेळगावकर मुलांचेच पाहा. ज्या डोंगरांकडे बघत ती लहानाची मोठी झाली, त्यांची नावे त्यांना ना मराठीत येतात ना कन्नडमध्ये. एक इंग्रजी 'पॉइंट' आणि मोबाइलवरचे चित्र, एवढीच ओळख. सडा, गडगा, खिंड, घळ, पाणंद हे शब्द परीक्षेला येत नाहीत म्हणून गेले असे नव्हे. ते जिथे पायाला लागतात तिथे मुले जात नाहीत म्हणून गेले. दोन भाषांच्या मुलखात मातृभाषा टिकवायची म्हणून आपण निबंधस्पर्धा भरवतो. भरवाव्यात. पण भाषा केवळ व्यासपीठावर राहत नाही.

मी काही वर्षे दिवाळीनंतरच्या थंडीत, पालकांची लेखी संमती घेऊन, वरच्या वर्गातली आठ-दहा मुले एका रात्रीसाठी महिपाळगडाच्या बाजूला नेतो. बेळगावहून शिनोळी, तिथून देवरवाडी, वैजनाथाचे दर्शन आणि मग चढण. सोबत आमचा मोती असतो; गावठी कुत्रा, जात विचारू नये. ज्याच्या माळावर झोपायचे, त्या मालकाला आधी विचारायचे, हा पहिला नियम. एका वर्षी सूर्य बुडताच पूर्वेचा कोरडा वारा असा सुटला की, बोललेले शब्द समोरच्यापर्यंत पोचेनात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे सूत्र मी फळ्यावर कितीदा लिहिले असेल! त्या रात्री ते मुलांच्या मुठीतल्या दोरीला कळले. खिंडीत वारा कोंडून अधिक जोराने सुटतो, म्हणून तिथे तंबू लावू नये. अरुंद बाजू वाऱ्याकडे, दार आडोशाला. खुंटी ठोकायची ती तंबूपासून बाहेर कललेली. मोतीने यातले काहीही न शिकता गडग्याची आडोशाची बाजू धरली, वाऱ्याकडे पाठ केली आणि शेपटीत नाक खुपसले. मुलांनी मुकाट्याने त्याचे अनुकरण केले. रात्री खाली दोन राज्यांचे दिवे दिसत होते. कोणता दिवा कोणत्या राज्याचा, हे एकालाही सांगता आले नाही.

आता बंदीवाल्यांकडे वळू. ते म्हणतात, धोका असतो. असतोच. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात गवताला लागलेली आग वाऱ्याबरोबर धावली आणि वीसहून अधिक गिर्यारोहक प्राणास मुकले. या घटनेवरून मुलांना डोंगर बंद करायचा, की वाळल्या गवतात आणि वाऱ्यात काडी ओढायची नाही हे त्यांच्या अंगी बाणवायचे? आम्ही शेकोटी पेटवत नाही. भाकरी, पिठले घरून नेतो. मुले कुरकुरतात, पण थंडी अंगावर घेतात. विहिरीत बुडण्याची भीती म्हणून पोहणे शिकवायचे नाही, असा न्याय आपल्या आजोबांनी लावला नव्हता.

कुत्र्याबद्दलही दोन्ही बाजूंनी फार अज्ञान आहे. हौशी मंडळी म्हणतात, कुत्रा बरोबर असला की बिबट्याची भीती नाही. गोष्ट उलटी आहे. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या परिसरात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात पाळीव कुत्र्याचाच वाटा सर्वांत मोठा निघाला. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा घालतात, तो उगीच नव्हे. आमच्या वाटेवरच्या धनगराने एका वाक्यात सगळे सांगितले, "गुरुजी, कुत्रं मोकळं सोडू नकासा." म्हणून मोती रात्री माणसांच्या मधोमध, दोरीने बांधलेला असतो.

आणि अभयारण्यात तर त्याला नेऊच नये. आपल्या खानापूर तालुक्यातले भीमगडाचे रान २०११ साली अभयारण्य झाले. म्हादईचा उगम तिथला, आणि बारापेडेच्या गुहेतली दुर्मीळ वटवाघळेही तिथलीच. कुत्र्यांतला डिस्टेंपर हा रोग वन्य प्राण्यांत शिरला की काय होते, हे १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत दिसले. सुमारे हजार सिंह गेले. आपल्या गीरमध्येही २०१८ साली सिंहांत तोच विषाणू आढळला. कुत्र्याला लस टोचलेली हवी, गळ्यात दोरी हवी आणि अभयारण्याच्या वेशीवर त्याला घरची वाट दाखवायची हिंमत हवी. प्राण्यावरचे प्रेम म्हणजे त्याला हवे तिथे सोडणे नव्हे.

राहिले व्यापारी. खेड्यातल्या माणसाने पाहुण्याला भाकरी विकावी, अंगणात जागा द्यावी, चार पैसे मिळवावेत. त्याला कोण नाही म्हणेल? माझा राग आहे तो काळोख आणि शांतता विकत घेऊन तिथे गोंगाट लावणाऱ्यावर. गर्दी उसळली की सरकारला बंदीचे निमित्त मिळते. जानेवारी २०२४ मध्ये कुमारपर्वतावर माणसांची रांग लागली आणि कर्नाटक सरकारने राज्यातल्या अनेक डोंगरवाटा काही काळ बंद केल्या. बाजार बंदीला जन्म देतो, तो असा.

इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर पाठीवर तंबू घेऊन जाणे, एखादी रात्र राहणे आणि माग न ठेवता उतरणे ही जुनी रीत. तिथल्या एका जमीनमालक दाम्पत्याने हा हक्कच नाकारला. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, जुलैमध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकांचा हक्क कायम केला. आधार १९८५ च्या एका कायद्याचा. पण त्या हक्काला लागूनच शिस्त आहे: आग नको, एका जागी दोन रात्रींहून अधिक मुक्काम नको, आणि मार्च ते जुलै कुत्रा दोरीवरच, कारण जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा आणि कोकरांचा तो काळ. एका रात्रीच्या झोपेसाठी तो समाज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपण पालकसभेत हातसुद्धा वर करत नाही.

वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेकांची मुले कुठल्या ना कुठल्या शाळेत असतील. सहलीचे पत्रक घरी आले, आणि त्यात पुन्हा तेच जलक्रीडा उद्यान असले, तर सही करण्याआधी मुख्याध्यापकांना एक प्रश्न विचारा: आमच्या मुलाला एक रात्र आमच्याच डोंगरावर कधी नेणार? दहा पालकांनी विचारले तर शाळेला उत्तर द्यावे लागेल. मुख्याध्यापक म्हणून मी हे खात्रीने सांगतो, कारण आम्हा मंडळींना पालकांच्या एकीची जितकी भीती वाटते, तितकी वाऱ्याची वाटत नाही.