बाइक चाकणची, लायसन्स मात्र जर्मनीचं!

चाकणच्या बजाज प्लांटमध्ये बनलेली ड्यूक जहाजात बसून युरोपात जाते आणि तिथल्या रस्त्यांवर आरामात पळते. तीच बाइक निगडी-भोसरीत चालवून मोठा झालेला मुलगा मास्टर्ससाठी जर्मनीला गेला, की त्याचं एमएच-१४चं लायसन्स मात्र सहा महिन्यांत निकामी होतं. बाइक चालते, बाइकवाला चालत नाही. असं का?

जर्मनीत राहायला गेल्यापासून साधारण सहा महिने भारतीय लायसन्स जर्मन भाषांतरासह चालतं. नंतर तिथलंच काढावं लागतं. काही देशांची लायसन्स परीक्षेशिवाय बदलून मिळतात, पण त्या यादीत भारत नाही. म्हणजे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा आल्या. दिलासा एवढाच की लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते आणि आधीचं लायसन्स असल्यामुळे क्लासच्या ठरावीक तासांची सक्ती नसते.

इथे अनेक जण फसतात

आरटीओतून एक हजार रुपयांत मिळणाऱ्या इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटवर एक वर्षाची मुदत असते. ‘चला, वर्षभर टेन्शन नाही’ असं वाटतं. पण हे परमिट म्हणजे नवं लायसन्स नव्हे, आहे त्याच लायसन्सचा बाहेरच्या पोलिसांना वाचता येईल असा अवतार. जर्मनीतली सहा महिन्यांची मर्यादा त्याने वाढत नाही.

दुसरा घोळ खरेदीचा. तिथे पत्ता नोंदवला, विमा काढला की सेकंडहँड बाइक तुमच्या नावावर होऊ शकते. त्यासाठी लायसन्स लागत नाही. त्यामुळे सगळं कायदेशीर आहे असा समज होतो. पण मुदत संपल्यावर ती चालवली तर तो साधा दंड नाही, फौजदारी गुन्हा आहे. शिकायला गेलेल्या मुलाला हे परवडेल का?

मग हा अन्याय आहे का?

पटकन ‘हो’ म्हणण्याआधी तिथली पद्धत बघा. १६व्या वर्षी १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंतची बाइक. १८व्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंत. दोन वर्षांच्या अनुभवानंतर, म्हणजे २०व्या वर्षी, परीक्षा देऊन कोणतीही. थेट हवी असेल तर वय २४. गंमत म्हणजे आपली १२५ आणि ३९० ड्यूक या पायऱ्यांत बरोबर बसतात. म्हणजे चाकणमध्ये इंजिन बनतं ते युरोपच्या लायसन्सच्या मापाचं!

आणि आपल्याकडे? १८ पूर्ण झालं, शंभर सीसीच्या गाडीवर आठ काढून दाखवला की झालं. दुसऱ्या दिवशी हजार सीसीची बाइक घेतली तरी कायदा अडवत नाही. नाशिक हायवेवर कंटेनरच्या शेजारून बाइक कशी काढायची, हे ट्रायलमध्ये कोणी विचारत नाही. गाडीच्या दर्जावर युरोपने विश्वास ठेवला, आपल्या परीक्षेवर नाही. या नियमाचा खरा अर्थ हाच.

जाणाऱ्यांनी मूळ लायसन्स सोबत न्यावं, त्यात गिअरच्या बाइकचा प्रकार नोंदलेला आहे ना ते बघावं आणि पोहोचल्या दिवसापासून महिने मोजावेत. आणि न जाणाऱ्यांनी? पुढच्या वेळी आरटीओत कोणी ‘ट्रायल न देता काम करून देतो’ म्हणालं, तर त्या लायसन्सची किंमत काय राहते, याचा विचार करावा.