धावपट्टी झाली, विमानाचे काय?

जगदलपूर ते रायपूर हे अंतर रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर. वाटेत केशकालचा घाट. बस्तरच्या रुग्णाला राजधानी गाठण्यात दिवस जातो. १४ जून २०१८ रोजी पंतप्रधानांनी जगदलपूर विमानतळाचे लोकार्पण केले. मात्र सेवा देणारी छोटी कंपनी टिकली नाही. नियमित विमानासाठी सप्टेंबर २०२० उजाडावा लागला. दोष धावपट्टीचा नव्हता.

महाराष्ट्राचा अनुभव निराळा नाही. लातूर, यवतमाळ आदी विमानतळ २००९च्या सुमारास खासगी कंपनीकडे सोपविले गेले. पण तेथील जनता नियमित विमानाची वाट पाहतच राहिली.

‘उडान’ योजनेतील तूटभरपाई तीन वर्षांची असते व तिचा २० टक्के भार राज्य उचलते. मग चौथ्या वर्षाचे काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये अंबिकापूरच्या दरिमा विमानतळाचेही उद्घाटन झाले. तेथेही हाच प्रश्न उभा राहणार आहे. रुग्णवाहिका-विमान, वैमानिक प्रशिक्षण आणि सरकारी प्रवासाची हमी यांची तरतूद राज्याने अर्थसंकल्पातच करावी. फीत कापणे सोपे असते. विमानतळ जागता ठेवणे हेच राज्यकारभाराचे काम आहे.